छत पाहून गाडी उचलावी

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण आपण सगळेच ऐकत मोठे झालो. ती सांगणाऱ्यांनी लांबीचा विचार केला, उंचीचा मात्र केला नाही. घर बांधताना आपण खोल्या किती, ओटा कुठे, देवघर कोणत्या दिशेला यावर तासन् तास बोलतो. डोक्यावर किती जागा हवी हा प्रश्न सहसा कोणी काढत नाही. तो काढावा लागतो घरात गाडी उचलायची लिफ्ट बसवायची असेल तेव्हा. विषय वरवर पाहता मेकॅनिकचा वाटेल; पण ब्रेडासारख्या गावात राहून या प्रश्नाचा माग काढू लागलो, तेव्हा त्यात बराच इतिहास हाती लागला. तोच यंदाच्या स्मरणिकेसाठी लिहीत आहे.

वाहनासाठी उंची राखण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला. त्याचा दिल्ली दरवाजा अंबारीसह हत्ती आत यावा इतका उंच ठेवला, असे सांगतात. दारावरचे अणकुचीदार खिळेही शत्रूच्या हत्तीचे कपाळ लक्षात घेऊनच वरच्या बाजूला ठोकलेले. त्याच दाराला माणसांसाठी छोटा दिंडी दरवाजा आहे, त्यातून मात्र वाकूनच जावे लागते. म्हणजे कोणासाठी किती उंची, हे आपल्या पूर्वजांनी नीट ठरवले होते. युरोपातही श्रीमंतांच्या घरामागे घोडागाडीसाठी वेगळी इमारत असे. तिला डच भाषेत ‘कूट्सहाउस’ म्हणतात. तिचे दार उंच असे आणि वर गवताचा माळा. मोटारी आल्यावर अशा अनेक इमारतींची गॅरेजे झाली, कारण उंच दार आधीच तयार होते.

ब्रेडाच्या इतिहासातली सर्वांत प्रसिद्ध गोष्टही एका अर्थी कमी उंचीचीच गोष्ट आहे. १५९० साली हे शहर स्पेनच्या ताब्यात होते. आद्रियान व्हान बेर्गेन नावाचा नावाडी किल्ल्यात जळणासाठी टर्फ, म्हणजे वाळवलेली दलदलीची माती, पोहोचवत असे. त्याच्या नावेत टर्फच्या थराखाली पोकळी करून कॅप्टन शार्ल द एरोजियेर आणि त्याचे सुमारे सत्तर सैनिक लपले. वारा प्रतिकूल, पाण्यात बर्फ. त्यामुळे त्यांना काही दिवस अंग आखडून तिथेच पडून राहावे लागले. खोकला कोणाला ऐकू येऊ नये म्हणून नावाड्याने पंपाचा आवाज चालू ठेवला, अशी आठवण इथे अजून सांगतात. ३ मार्चला नाव किल्ल्यात शिरली, रात्री सैनिक बाहेर पडले आणि ४ मार्चला ब्रेडा प्रिन्स मॉरिसच्या हाती आले. तो किल्ला १८२८ पासून लष्करी अकादमीचे घर आहे. माणूस उभा राहू शकत नाही अशा जागेत काम करणे म्हणजे काय, हे या गावाला चार शतकांपूर्वीच कळले होते.

आता मोटारीकडे येऊ. मोटारीचा बराचसा जीव तिच्या पोटाखाली असतो. ऑईल, गिअरबॉक्स, ब्रेकच्या नळ्या, सायलेन्सर हे सगळे खालून पाहायचे. त्यासाठी माणसाला उंची हवी, आणि ती दोनच ठिकाणांहून मिळते: खालून किंवा वरून. सुरुवातीला सगळ्यांनी ती खालून घेतली. जमिनीत लांबट खड्डा खणायचा, त्यावर गाडी उभी करायची आणि मेकॅनिकने पायऱ्या उतरून खाली जायचे. आपल्याकडे १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर पहिली एस.टी. धावली, आणि पुढे गावोगावी डेपो झाले. त्या डेपोंमधले खड्डे अनेकांनी पाहिले असतील. माझे एक काका एस.टी.त फिटर होते. त्यांचे निम्मे आयुष्य अशा खड्ड्यात मान वर करून गेले. निवृत्तीनंतरही ते मान वळवताना अख्खे खांदे वळवत. घरी आम्ही त्यावरून हसायचो. त्यांच्या हाडांनी काय भोगले होते, ते समजण्याचे आमचे वय नव्हते.

खड्ड्याचे दोष दोन. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचून राहते आणि एखादी ठिणगीही पुरते. दुसरा दोष पाण्याचा, आणि तो नेदरलँड्समध्ये फार मोठा. ब्रेडा हे मार्क आणि आ या नद्यांच्या संगमावरचे गाव. ‘ब्रेडा’ या नावाचा अर्थच ‘रुंद आ’ असा सांगतात. गावाच्या दक्षिणेला वाळूची उंचवट जमीन आहे, पण उत्तरेला सखल, ओली माती. तिथे थोडे खोल गेले की पाणी लागते. इथे खड्डा म्हणजे उलटी विहीर: पाणी आत येऊ नये म्हणून काँक्रीटचे जलरोधक भांडे करून पुरावे लागते. ते हलके झाले, तर भूजल त्याला होडीसारखे वर ढकलते. डच लोक खड्ड्याला ‘स्मेअरपुट’ म्हणतात, म्हणजे ग्रीस लावण्याची विहीर. नाव अगदी योग्य आहे.

वरून उंची घेण्याचा मार्ग अमेरिकेत निघाला. टेनेसी राज्यातल्या मेम्फिस गावी पीटर लुनाटी नावाचा मेकॅनिक होता. न्हाव्याच्या दुकानात खुर्ची पायाने दाबून वर-खाली होते आणि फिरतेही, हे पाहून त्याला सुचले की मोटारीलाही असेच उचलता येईल. १९२५ साली त्याची लिफ्ट बाजारात आली. तत्त्व जुनेच होते. बंद द्रवावरचा दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा सतराव्या शतकातला नियम. त्यावरून जोसेफ ब्रामाने १७९५ साली हायड्रॉलिक प्रेस केला. लुनाटीने त्यावर गाडी ठेवली इतकेच. पण त्यामुळे मेकॅनिक खड्ड्यातून बाहेर आला आणि उजेडात उभा राहिला. माझ्या मते कामगाराच्या पाठीवर यंत्राने केलेल्या मोठ्या उपकारांत याची गणना व्हायला हवी.

डच भाषेत गाडीच्या लिफ्टला ‘हेफब्रुग’ म्हणतात, म्हणजे ‘उचलता पूल’. उभा वर जाणाऱ्या खऱ्या पुलालाही हाच शब्द. रॉटरडॅमचा प्रसिद्ध ‘दे हेफ’ १९२७ साली सुरू झाला, लुनाटीच्या लिफ्टनंतर दोनच वर्षांनी. आणि तो उभा होता ब्रेडा–रॉटरडॅम याच रेल्वेमार्गावर. योरिस इव्हेन्स यांनी १९२८ साली त्यावर ‘दे ब्रुग’ हा मूकपट काढला. १९९३ साली नदीखालचा बोगदा झाला आणि गाड्या तिकडून जाऊ लागल्या. पूल अजून उभा आहे. त्याचे कामही उंचीचेच होते: रुळांचा तुकडा वर उचलायचा आणि जहाजाला डोक्यावर मोकळी जागा द्यायची. मोठ्या गरजा आणि छोट्या गरजा एकाच शब्दात मावतात, ही या भाषेची गंमत.

लुनाटीच्या लिफ्टचा दांडा मात्र जमिनीत पुरलेला असे. गाडी जितकी वर न्यायची, तितका खोल खड्डा पुन्हा आलाच. शिवाय पुरलेल्या सिलिंडरमधून तेल झिरपले तर ते जमिनीत जाते. नेदरलँड्सने १९८७ साली मृदसंरक्षणाचा कायदा लागू केला, त्यानंतर अशी गळती फार महागात पडू लागली. पुढे फरशीवर उभ्या राहणाऱ्या दोन खांबांच्या आणि चार खांबांच्या लिफ्ट सर्वत्र दिसू लागल्या. त्यांना खणावे लागत नाही. पण जी उंची आधी जमिनीकडून घेतली जात होती, ती आता पूर्णपणे छताकडे मागितली जाते. घरगुती गॅरेजचा प्रश्न इथे सुरू होतो.

डच घराचे छत किती उंच असावे, यालाही इतिहास आहे. १९०१ साली इथे गृहनिर्माणाचा पहिला कायदा झाला, कारण कामगारांच्या वस्त्या कोंदट आणि अंधाऱ्या होत्या. पुढे राष्ट्रीय बांधकाम नियमावली १९९२ साली आली, तेव्हा राहत्या खोलीची किमान उंची २.४० मीटर होती. २००३ साली ती नव्या घरांसाठी २.६० मीटर झाली, आणि दारांची उंची २.१० वरून २.३० मीटर. डच माणूस जगातल्या सर्वांत उंच माणसांपैकी. पुरुषांची सरासरी १.८० मीटरच्या वर. कायद्याला त्यांच्या डोक्याकडे पाहणे भाग होते. पण हे सारे राहत्या खोल्यांसाठी. १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या, हाख्से बेमडनसारख्या वस्त्यांमधल्या गॅरेजांत गाडी आत जाते, माणूस उभा राहतो आणि संपले. तिथे गाडी उचलली तर टप छताला लागेल.

माझ्या शेजारच्या निवृत्त गृहस्थांकडे १९६० च्या दशकातली एक दाफ मोटार आहे. दाफ ही आपल्या शेजारच्या आइंडहोव्हनची कंपनी. तिची पहिली प्रवासी मोटार १९५८ साली दाखवली गेली, गिअर न बदलता चालणारी. जमिनीवर पाठ टेकून काम करणे त्यांना जमेना. मागच्या अंगणात लिफ्टसह नवे गॅरेज बांधायचे त्यांनी ठरवले, आणि मी स्थापत्य अभियंता असल्याने नकाशा घेऊन माझ्याकडे आले. तेव्हाचा हिशेब इथे मांडतो, कारण तो कोणालाही उपयोगी पडेल.

पहिला आकडा गाडीचा नाही, माणसाचा. त्यांची उंची १.९० मीटर. म्हणजे गाडीचे आधार १.९० मीटरवर गेले तरच ते ताठ उभे राहणार. माझ्यासाठी हेच १.७० ला भागले असते. दुसरा आकडा गाडीचा: दाफची उंची सुमारे १.४० मीटर. दोन खांबांच्या लिफ्टचे हात गाडीला चाकांखाली नव्हे, तर तिच्या कडेखाली, जमिनीपासून साधारण २० सेंटीमीटरवर धरतात. म्हणून टप जातो १.९० अधिक १.२०, म्हणजे ३.१० मीटरवर. चार खांबांच्या लिफ्टवर चाके पट्ट्यांवर राहतात, तिथे हाच आकडा ३.३०. त्यात १५ सेंटीमीटर मोकळीक धरायची. शिवाय उद्या १.६० मीटर उंचीची सित्रोएन टू सी.व्ही. आणली तर आणखी २० सेंटीमीटर. दिवे आणि दाराचे वर सरकणारे रूळ यांची जागा वेगळीच.

आता कायदा. घरापासून चार मीटरपलीकडच्या अंगणातल्या बांधकामाला, ते परवान्याशिवाय करायचे असेल तर, नियम असा: सपाट छत तीन मीटरपर्यंतच. त्याहून उंच हवे तर उतरते छप्पर, वळचण तीन मीटरच्या आत आणि आढे जास्तीत जास्त पाच मीटरवर. तेही शेजारच्या हद्दीपासूनच्या अंतरावर अवलंबून. २०२४ पासून नवा पर्यावरण व नियोजन कायदा आला आहे आणि नगरपालिकेचा आराखडा पाहावा लागतो, म्हणून आधी नगरपालिकेत चौकशी केलेली बरी.

म्हणजे आपल्या कोकणातल्या घरासारखी दोन पाख्यांची रचना आली. पाच मीटर रुंद गॅरेज, वळचण ३ मीटर, आढे ४.५० मीटर. गाडी आढ्याच्या रेषेतच उभी करायची. टप अरुंद असतो, मध्यापासून ६० सेंटीमीटरवर छपराची जाडी वजा जाता सुमारे ३.८५ मीटर मिळतात. लिफ्टचे खांब मध्यापासून सुमारे १.७० मीटरवर, तिथे ३.१८ मीटर. वर आडवा दांडा असलेली लिफ्ट साधारण ३.६० मीटरची, ती बसणार नाही. खाली पट्टी असलेली सुमारे २.८० मीटरची बसते.

ठेकेदाराच्या पहिल्या नकाशात मात्र कैचीची आडवी तुळई बरोबर तीन मीटरवर होती. दाफचा टप ३.१० वर. कागदावर ही दहा सेंटीमीटर म्हणजे पेन्सिलची एक रेघ. बांधून झाल्यावर पूर्ण छप्पर उतरवावे लागले असते. लोखंडी आढे दोन्ही टोकांच्या भिंतींवर टेकवून तुळई काढून टाकली. फरशीचे काँक्रीट लिफ्टच्या बोल्टांसाठी पुरेसे जाड केले, आणि जिथे बोल्ट येणार तिथून पायाखालच्या उबेच्या नळ्या वळवल्या. भोक पाडताना नळी फुटली तर शोधायची कुठे?

मंडळी, यात खरा सवाल पैशाचा नाही. हवेत टांगलेल्या सातशे-आठशे किलोखाली एक माणूस उभा असतो, आणि त्याला वाकावे न लागता, घाई न करता काम करता आले पाहिजे. जागा अपुरी असली की माणूस लिफ्ट अर्ध्यावर थांबवतो, कुलूप पुढच्या खाचेत पडायच्या आधीच आत शिरतो, मान तिरकी करून हात घालतो. अपघात अशाच वेळी होतात. म्हणून नव्या गॅरेजचा विचार करणाऱ्यांनी आधी स्वतःची उंची मोजावी, मग गाडीची, मग लिफ्टची आणि सर्वांत शेवटी छत काढावे. भिंत नंतर सरकवता येते, दार मोठे करता येते. छत मात्र एकदा पडले की पडले. उंचीच्या बाबतीत हातचे राखूनच ठेवावे.