विशीतल्या धमन्यांची हकिकत

हृदयविकार म्हणजे उतारवयाचं दुखणं, अशी आपली जुनी समजूत. ‘तरुण आहे, पचेल त्याला सगळं,’ असं म्हणत आपण मुलाच्या ताटात आणखी एक वडा वाढतो. ही समजूत चुकीची आहे हे पहिल्यांदा उघड झालं ते एका रणांगणावर.

कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या अमेरिकी सैनिकांचं शवविच्छेदन करताना इनॉस, होम्स आणि बायर या तीन लष्करी डॉक्टरांनी ३०० जणांच्या हृदयाच्या धमन्या तपासल्या. सैनिकांचं सरासरी वय होतं २२. १९५३ साली निष्कर्ष छापून आला आणि वैद्यकविश्व चकित झालं. ७७ टक्के जवानांच्या धमन्यांत विकाराच्या खुणा होत्या. बहुतेकांत अस्तर थोडंफार जाड झालेलं, तर मोजक्यांत वाहिनी पार बुजलेली!

पण मेलेला माणूस काय खात होता, ते सांगू शकत नाही. त्यासाठी जिवंत मुलांकडे जावं लागलं. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात बोगालुसा नावाचं कागदगिरणीचं गाव आहे. तिथे डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनी १९७३ पासून शाळकरी मुलांचं वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल मोजायला आणि त्यांच्या खाण्याच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. त्यांतले काहीजण पुढे अपघातात किंवा अन्य कारणांनी तरुणपणीच दगावले. त्यांच्या धमन्या जुन्या नोंदींशी ताडून पाहता आल्या. १९९८ साली प्रसिद्ध झालेले आकडे बोलके आहेत. वजन, रक्तदाब किंवा रक्तातली चरबी यांपैकी काहीच वाढलेलं नव्हतं, त्यांच्या हृदयधमन्यांचा सरासरी १.३ टक्के पृष्ठभाग चरबीच्या रेघांनी व्यापलेला होता. यांतल्या तीन-चार गोष्टी वाढलेल्या असतील, तिथे तो ११ टक्के होता.

हे घडतं कसं? लोणी, वनस्पती तूप, मांसाची चरबी फार खाल्ली की रक्तातलं घातक कोलेस्टेरॉल वाढतं. ते धमनीच्या अस्तरात शिरतं. पांढऱ्या पेशी त्याला गिळून फुगतात आणि तिथेच अडकतात. साखर-मैद्याचा अतिरेक झाला, तर यकृत त्याची चरबी बनवतं. ती पोटात साठते आणि इन्सुलिनचा जोर कमी पडू लागतो.

‘आमचा मुलगा तर काडीसारखा आहे,’ असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. इथली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी भरले, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली! २००४ साली डॉ. याज्ञिक यांनी स्वतःची तुलना डॉ. युडकिन या इंग्रज सहकाऱ्याशी केली. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणजे आपल्याकडे वजनकाटा पुरता खरं बोलत नाही.

ही हकिकत निराशेची मात्र नाही. इराक व अफगाणिस्तानच्या मोहिमांत मृत्यू पावलेल्या ३,८३२ अमेरिकी सैनिकांचा अहवाल २०१२ साली आला. त्यात हा विकार ८.५ टक्के जणांतच आढळला. तपासणीची रीत वेगळी, म्हणून दोन आकडे थेट शेजारी मांडता येत नाहीत. पण मधल्या काळात धूम्रपान, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल घटल्याचा हा परिणाम असावा, असं अभ्यासकांना वाटतं.

तेव्हा पोटाला पचलं ते धमनीलाही पचलं, असं धरून चालू नका. भाकरी, उसळ, पालेभाजी, हंगामातलं फळ हे मुलांचं रोजचं खाणं असू द्या. वडापाव, फरसाण आणि शीतपेय कधीमधी. आणि ही सवय लावायची ती शाळेच्या डब्यापासूनच, चाळिशीची वाट पाहत बसायचं नाही.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)