मियाजिमा, तात्सुओ
(१९५७– ). प्रकाशमान अंकांच्या मांडणशिल्पांसाठी ख्यातनाम असलेले जपानी कलावंत. जन्म व कलाशिक्षण टोकियोत. आरंभी ते कृतिप्रयोग सादर करीत. पुढे एलईडी गणक हेच त्यांचे माध्यम बनले. १९८८ च्या व्हेनिस द्वैवार्षिकातील ‘सी ऑफ टाइम’मुळे त्यांचे नाव जगभर झाले.

त्यांच्या रचनांचा नियम साधा आहे. गणकावर १ ते ९ किंवा ९ ते १ अंक उमटतात. शून्य मात्र कधीच दिसत नाही; त्याच्या पाळीला गणक विझतो आणि मोजणी नव्याने सुरू होते. उजेड म्हणजे जगणे, अंधार म्हणजे मरण आणि त्यानंतर पुन्हा जन्म, ही बौद्ध विचारातून आलेली धारणा त्यामागे आहे. प्रत्येक अंक सात दिव्यांच्या पट्ट्यांतून घडतो. ८ ला सातही पट्ट्या पेटतात, १ ला दोनच. त्यामुळे मोजणीबरोबर उजेडही कमीजास्त होतो. वेगवान गणकाचा अंक वाचता येत नाही, नुसती लुकलुक जाणवते. संथ गणक बंदच पडला आहे असे वाटते.

नाओशिमा बेटावरील ‘सी ऑफ टाइम ’९८’ ही त्यांची सर्वांत जमलेली कृती म्हणावी लागेल. कादोया या जुन्या घरात, उथळ पाण्याखाली १२५ गणक आहेत. त्यांची गती ५ ते ९५ वर्षे वयाच्या १२५ गावकऱ्यांनी एकेकाने ठरवली. साहजिकच तिथे एक ठेका नाही. कुणाची घाई, कुणाची सावकाशी शेजारी शेजारी चालते. कलावंताने लय स्वतःकडे न ठेवता गावाच्या हाती दिली, हे विशेष.

१९९९ साली व्हेनिसच्या जपानी दालनातील ‘मेगा डेथ’मध्ये २,४०० निळे गणक होते. तेजस्वी निळा एलईडी बाजारात येऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. प्रेक्षकाच्या वावराने लपवलेला संवेदक चाळवला, की सारी भिंत एकदम काळोखी होई. विसाव्या शतकातील सामूहिक मृत्यूंचा तो निर्देश होता.

टोकियोतील रोप्पोंगी हिल्स येथील ‘काउंटर व्हॉइड’ (२००३) हे सहा प्रचंड अंकांचे शिल्प. २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर दोनच दिवसांनी, १३ मार्च रोजी, मियाजिमांनी स्वतः ते बंद केले. २०१६ च्या मार्चमध्ये ते काही काळासाठी पुन्हा पेटले. त्याच वर्षी हाँगकाँगमधील एका गगनचुंबी इमारतीच्या दर्शनी भागावरून त्यांनी अंकांचा धबधबा सोडला. तो भव्य होता, पण रोषणाईच्या त्या शहरात जाहिरातींच्या गर्दीत त्याला झगडावे लागले.