काडी, वाटाणा आणि व्हॉल्व्ह ट्यूब

दोन आगकाड्या घ्यायच्या आणि त्यांचं गुल खरवडून टाकायचं. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा दीडेक सेंटिमीटरचा तुकडा कापायचा आणि त्याच्या दोन्ही तोंडांतून एकेक काडी आत सरकवायची. झाला सांधा. अशा तीन काड्यांचा त्रिकोण होतो, चारांचा चौकोन. आता चौकोनाचा एक कोपरा बोटानं हळूच ढकला. तो लगेच कलतो आणि समभुज चौकोन होऊन पडतो. त्रिकोण मात्र कितीही दाबला तरी आकार सोडत नाही. पाचवी-सहावीतल्या मुलाला हे सांगावं लागत नाही, त्याच्या बोटांना ते कळलेलं असतं.

या खेळाचं मूळ शोधत गेलं तर पहिला मुक्काम जर्मनीत लागतो. फ्रेडरिक फ्रोबेलनं 1837 मध्ये ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी जी संस्था काढली, तिच्यातूनच पुढे बालवाडी जन्माला आली. मुलांच्या हाताला काम देणारे अनेक उद्योग त्यानं रचले होते. भिजवलेले वाटाणे आणि बारीक काड्या हा त्यांतलाच एक. काडीचं टोक वाटाण्यात खुपसायचं आणि आकृती बांधायची. वाटाणा वाळला की आक्रसतो आणि काडी घट्ट धरून ठेवतो. अमेरिकेत 1899 मध्ये बकमिन्स्टर फुलर नावाचा चार वर्षांचा मुलगा अशाच काड्या-वाटाण्यांशी खेळत होता. त्याची नजर अधू होती आणि चष्मा अजून लागला नव्हता. बाकीच्या मुलांनी पाहिलेली घरं बांधली, चौकोनी. याला घरं नीट दिसतच नसत, म्हणून हाताला जे पक्कं लागेल ते तो जोडत गेला आणि त्रिकोणांची जाळी तयार झाली. पुढे घुमटाकार वास्तूंसाठी जगभर नाव झालेल्या फुलरनं ही आठवण स्वतःच सांगितली आहे.

मधल्या काळात लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीनं 1901 मध्ये भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट यांचं पेटंट घेतलं. तेच पुढचं मेकॅनो. खेळणं उत्तम होतं, पण महाग. गावच्या शाळेत ते आलंच असतं तर कुलूपबंद कपाटात गेलं असतं.

आपल्याकडची गोष्ट सुरू होते मध्य प्रदेशात. 1972 मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू झाला. पुढाकार होता ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांचा. ‘किशोर भारती’चे अनिल सद्गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून तिथे गेले होते. त्या संस्थेतले शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सुट्टी काढून गावच्या शिक्षकांबरोबर बसत. सहावी ते आठवीच्या ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत उत्तरं छापलेली नव्हती. मुलांनी चार-चारच्या टोळीत प्रयोग करायचा, दिसेल ते आपल्या शब्दांत लिहायचं आणि त्यावर वर्गात भांडायचं. परीक्षेला पुस्तक-वही उघडी ठेवायची मुभा होती. मनात आलेला कुठलाही प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवायला ‘सवालीराम’ नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. मला या सगळ्या उपक्रमात सवालीराम सर्वांत थोर वाटतो. मुलाला पत्रानं उत्तर देण्याइतकं त्याच्या प्रश्नाचं मोल कुणीतरी धरलं होतं.

1978 मध्ये उपक्रम जिल्हाभर पसरला. त्याच सुमारास पुण्याच्या टेल्कोत काम करणारा अरविंद गुप्ता हा तरुण इंजिनिअर वर्षभराची रजा घेऊन तिथे पोचला. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेल्या या माणसानं गावच्या बाजारात मिळणाऱ्या स्वस्त वस्तू हाताळायला सुरुवात केली, आणि त्यांत आगकाडी व व्हॉल्व्ह ट्यूब यांची गाठ पडली.

ही ट्यूब मुळात असते कशासाठी? सायकलच्या व्हॉल्व्हमधल्या धातूच्या नळीला बाजूला एक बारीक भोक असतं. त्यावर ही रबरी नळी मोज्यासारखी चढवतात. पंपानं हवा मारली की रबर किंचित उचललं जातं आणि हवा आत शिरते. आतली हवा उलट दाबू लागली की तेच रबर भोकावर चिकटतं आणि वाट बंद होते. ताणलं जाणारं, तरी पकड न सोडणारं हे रबर आगकाडीच्या जाडीला नेमकं बसतं. तिसरी काडी जोडायची असेल तर सांध्याला बाभळीच्या काट्यानं भोक पाडायचं. मग सहा काड्या आणि चार सांध्यांचा चतुष्फलक उभा राहतो.

या सांध्याचं श्रेय बहुतेक जण त्याच्या स्वस्तपणाला देतात. माझ्या मते त्याचं खरं सामर्थ्य ढिलेपणात आहे. वाळलेला वाटाणा चौकोनालाही ताठ धरून ठेवतो, त्यामुळे चौकोनाचा दुबळेपणा झाकला जातो. रबर काहीच झाकत नाही. आकृतीत दम असेल तरच ती उभी राहते. पत्र्याच्या छपराखालची कैची आणि विजेचे मनोरे त्रिकोणांनी का भरलेले असतात, याचं उत्तर त्या डुगडुगण्यातच आहे.

काड्यांच्या या खेळावर गुप्तांनी लिहिलेलं पुस्तक अनेक भारतीय भाषांत गेलं. होशंगाबादचं काम 1982 पासून ‘एकलव्य’ संस्थेनं सांभाळलं, पण 2002 मध्ये राज्य सरकारनं ते बंद केलं. तीस वर्षं सरकारी शाळांत रुजलेली गोष्ट अशी उपटली गेली, याचं मला आजही वाईट वाटतं. काड्या मात्र पुण्यात आल्या. आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारात, सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या ‘पुलस्त्य’ इमारतीतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत गुप्तांनी 2003 ते 2014 काम केलं. शाळांच्या सहली तिथे येत आणि मुलं जमिनीवर बसून सांधे जोडत.

चौकोन ताठ करायला एक तिरपी काडी पुरते. पंचकोनाला दोन लागतात, षट्कोनाला तीन. मुलं हा नियम स्वतःच शोधतात आणि लगेच घनाकडे वळतात. बारा काड्यांचा घन हातात लोळागोळा होतो. त्याला उभं करायला प्रत्येक बाजूला एक, अशा आणखी सहा काड्या लागतात. त्या जरा लांब हव्यात, म्हणून खराट्याच्या काड्या कापून घ्यायच्या.