पदराआड

दुष्काळ बहात्तरचा म्हणतात, पण आमच्या माण तालुक्यात त्याचे खरे चटके बसले ते १९७३ च्या चैत्र-वैशाखात. मी तेव्हा सात वर्षांची. गावापासून दोन मैलांवर पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि आई तिथं खडी फोडायला जायची. धाकटा भाऊ पाच महिन्यांचा. बाभळीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत त्याला हलवत बसायचं आणि भुकेनं रडायला लागला की काखेत मारून आईपाशी न्यायचं, ही माझी त्या उन्हाळ्यातली नोकरी.

भाऊ मांडीवर आला की आई हातोडी बाजूला ठेवायची, पदरानं घाम-धूळ पुसायची, चोळीची गाठ सैल करायची आणि त्याला पाजायला घ्यायची. डोईवरचा पदर पुढं ओढला की बाळाचं तोंड झाकलं जायचं. आजूबाजूला दोन-तीनशे माणूस. बाप्ये दगड वाहतायत, बाया खडी फोडतायत. एकदा ती अशी पाजत बसली असताना मुकादम टेप घेऊन आला आणि ब्रास किती भरली यावरून दोघांची चांगली हुज्जत झाली. त्याची नजर खडीच्या ढिगावर, आईची त्याच्या टेपवर. भाऊ आपला चुळूचुळू पीत होता. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

त्या मे महिन्यात महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणूस होतं असं पुढं वाचलं. त्यात बाया भरपूर, आणि त्यातल्या कितीतरी लेकुरवाळ्या. म्हणजे हजारो आया त्या उन्हाळ्यात उघड्या माळावर, परक्या पुरुषांच्या देखत लेकरं पाजत होत्या. याची नोंद कुठल्या मस्टरवर नाही. मजुरी ब्रासवर, त्यामुळं पाजण्यात गेलेला वेळ आईच्याच पदरचा. सरकारी सुकडी आणि मिलोची लाल भाकरी खाऊन दूध कितीसं येणार! तिला काळजी होती ती दुधाची. लाज हा शब्द तेव्हा या कामाला चिकटलेलाच नव्हता.

मग पदर कशासाठी होता? हे मी आईला फार उशिरा विचारलं. ती म्हणाली, "आगं, दिष्ट लागती. लेकराला बी आन् दुधाला बी." म्हणजे पदर होता तो बाळासाठी. आडून कुणी हावरेपणानं बघितलं तर दूध आटेल ही भीती. बाईचं अंग दिसेल म्हणून झाकायचं, हा अर्थ त्या पदराला नंतर आला. पदर तोच, पण त्याच्या आड काय लपवायचं ते मधल्या वीस वर्षांत बदललं.

याला कपड्यांचाही मोठा हात आहे. नऊवारी लुगडं आणि पुढं गाठ मारायची खणाची चोळी हा पेहराव पाजणाऱ्या बाईच्या सोयीचा. एक हात बाळाखाली, दुसऱ्या हातानं गाठ सुटते, आणि पदर एवढा ऐसपैस की आत बाळासकट निम्मी दुपार निघून जाईल. पुढं गोल साडी आली, तिच्याबरोबर हुकांचं ब्लाउज आलं. खांद्यावर पदराच्या निऱ्या, त्याला पिन. मग पंजाबी ड्रेस आला. तो चालायला-धावायला सोयीचा, पण पाजायचं तर सगळाच वर घ्यायला लागतो. म्हणजे आमच्या पिढीला पाजताना अवघडल्यासारखं झालं त्यात मनाचा भाग होता, तसा शिंप्याचाही होता.

आता जुनं ते सगळं सोनं, असं मात्र म्हणणार नाही. त्याच आमच्या घरी बाळंतिणीचा पहिला चीक पिळून टाकायचे. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस गल्लीभर वाटायचा, आणि बाईचा चीक जड म्हणून मातीत सांडायचा! बाळाला मधाचं बोट. पहिल्या दिवसांतला तो चीक म्हणजे बाळाचं पहिलं संरक्षण, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आणि उघड्यावर पाजायची मोकळीकही सगळ्यांना नव्हती. वाड्यातल्या बाया पाजायला माजघरात जायच्या. मोकळीक होती ती राबणारीला, कारण तिला आडोसा परवडत नव्हता.

माझ्यावर वेळ आली १९९० साली. डी.एड. होऊन मी शिक्षिका झाले होते, लग्न होऊन पुण्याला गेले होते. मुलगी तीन महिन्यांची. तिला घेऊन स्वारगेटवरून दहिवडीच्या एस.टी.त बसले. यजमानांना रजा नव्हती. शेजारी एक गृहस्थ, समोर उलट्या बाकावर दोन तरुण. सासवडच्या पुढं मुलगी रडायला लागली. मी पदराची पिन काढली आणि त्या दोघांतला एक दुसऱ्याला कोपरानं ढोसून हसला. बस्स, एवढंच. कुणी काही बोललं नाही, हात लावला नाही. मी पिन परत लावली.

मुलगी जेजुरीपर्यंत रडली, लोणंदपर्यंत रडली. कुणीतरी बिस्किट पुढं केलं. कुणी म्हणालं, "आवो बाई, काय लागलंय त्या पोरीला?" मी खिडकीबाहेर बघत तिला थोपटत राहिले. माझं ब्लाउज दुधानं भिजलं, वरून साडी भिजली, ती पिशवीनं झाकली. फलटणच्या स्टँडवर पोरगी रडून रडून झोपली. घरी पोहोचले तेव्हा आईनं माझ्याकडं बघितलं, साडीकडं बघितलं, मुलीला उचलून माझ्या मांडीवर दिलं आणि एवढंच म्हणाली, "भरल्या घागरीशेजारी लेकरू तान्हेलं ठिवलंस व्हय गं?"

त्या प्रवासानंतर मी बाहेर पडताना बाटली न्यायला लागले. पावडरच्या डब्यावरचं गुटगुटीत बाळ तेव्हा प्रत्येक औषधाच्या दुकानात हसत असायचं. शिकलेल्या बाईनं बाटली काढली की लोक कौतुकानंच बघायचे. त्यांची तीच नजर छातीवर गेली की मी गोठायची. बाटली वाढत गेली तसं दूध कमी होत गेलं. बाळ जेवढं ओढतं तेवढं दूध तयार होतं, ओढणं थांबलं की शरीरही हात आखडतं, हे साधं गणित मला कुणी सांगितलं नव्हतं. सहाव्या महिन्यात मुलीला जुलाब लागले, दोन दिवस सलाईनवर होती. बाटली नीट उकळली नसेल, पाणी खराब असेल. डॉक्टर मला रागावले नाहीत, पण मी अजून स्वतःवर रागावते.

दोन वर्षांनी, १९९२ साली, बाळाच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात करायला बंदी घालणारा कायदा झाला. डब्यावरची हसरी बाळं गेली, आईचं दूधच सर्वोत्तम असं डब्यावर छापणं सक्तीचं झालं. कायदे तसे आधीपासून आहेत. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजायला दिवसातून दोन वेळा सुट्टी होती. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि कामावर सावली, पिण्याचं पाणी, पाळणाघर असावं हे त्यात आलं. आई ऐकून हसली. "मग आमची बाभळ म्हंजी सरकारी पाळनाघरच म्हनायची!"

कायद्याला घड्याळ कळतं, आडोसा कळतो. कोपरानं ढोसणं त्याच्या हातात सापडत नाही.

रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका आपण शाळेत शिकलो, मी तर तीस वर्षं शिकवली. गडावर दूध विकायला गेलेली गवळण, दरवाजे बंद झालेले, खाली घरी तान्हं बाळ. ती अंधारात कडा उतरून गेली. तिच्या नावाचा बुरूज आजही दाखवतात. एस.टी.च्या निमआराम गाडीला तिचं नाव आहे, आणि स्टँडवरच्या हिरकणी कक्षालाही. नाव ठेवणाऱ्यानं चांगलं ठेवलं.

२०१९ च्या दिवाळीत तीच माझी मुलगी, जिला मी गाडीत उपाशी ठेवलं होतं, तिच्या चार महिन्यांच्या बाळाला घेऊन आमच्याबरोबर गावी निघाली होती. सोबत आई, तेव्हा पंचाहत्तरीची. एका मोठ्या स्टँडवर गाडी बदलायची होती, बाळ रडायला लागलं. हिरकणी कक्षाची पाटी मला दिसली, मी धावत गेले. दाराला कुलूप. किल्ली कुणाकडं ते चौकशीच्या खिडकीत माहीत नव्हतं. फटीतून बघितलं तर आत केरसुण्या आणि मोडकी खुर्ची. माझ्या पोटात एकोणतीस वर्षांपूर्वीचा गोळा उठला.

परत आले तर मुलगी फलाटावरच्या बाकावर, भिंतीला पाठ लावून, ओढणी खांद्यावरून घेऊन पाजत बसली होती. ड्रेस पुढून चेनचा, तिनं मुद्दाम शिवून घेतलेला. एक गृहस्थ सज्जनपणानं म्हणाले, "ताई, जरा आडोशाला बसा की." मुलीच्या आधी आई बोलली. "बाबा, ल्योक जेवतोय. तुला बघवत न्हाय तर तू बस की आडोशाला." ते हसले, आणि खरंच पलीकडच्या बाकावर जाऊन बसले.

मी मुलीला विचारलं, "तुला काही वाटलं नाही?" ती म्हणाली, "वाटतं ना आई. पहिल्यांदा हात थरथरले होते. घरात आरशासमोर बसून ओढणी कशी घ्यायची ते आठवडाभर शिकले. आणि आज आजी शेजारी होती."

ते शेवटचं वाक्य माझ्या मनात रुतून बसलंय. खडीवर आईच्या दोन्ही अंगाला बाया होत्या. फलाटावर मुलीच्या शेजारी आजी होती. त्या एस.टी.त माझ्याशेजारी कुणी नव्हतं. हिरकणी कक्ष हवेतच, ज्या बाईला निवांतपणा हवा तिच्यासाठी ते उघडे, झाडलेले, पंखा-पाण्याचे हवेत. पण सगळ्या वाटांवर कक्ष कुठून येणार?

हल्ली प्रवासात एखादी पोर रडतं बाळ घेऊन इकडंतिकडं बघायला लागली, की मी उठते आणि तिच्या शेजारी जाऊन बसते. "पाज गं बाई, मी हाय इथं," म्हणते. बहुतेकजणी पाजतात.