पल्सरच्या पिढ्या : जुनी घ्यावी की नवी?

जगभरच्या गाडीवेड्या लोकांत एक भांडण पंचवीसेक वर्षं चालू आहे. पोर्श ९११ घ्यायची तर ९९३ की ९९६? हे आकडे म्हणजे त्या गाडीच्या पिढ्यांची कंपनीतली नावं. ९९३ ही हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची शेवटची ९११. १९९८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तिच्या जागी आलेल्या ९९६ चं इंजिन पाण्यावर थंड होऊ लागलं. नवी गाडी जास्त प्रशस्त, जास्त वेगवान. आणि तरीही आज जुन्या बाजारात ९९३ ची किंमत ९९६ च्या दुपटीहून जास्त!

मंडळी, घाबरू नका, मला लॉटरी लागलेली नाही :-) पण हाच वाद या उन्हाळ्यात माझ्याकडे आला तो थेट हिंगोली जिल्ह्यातल्या आखाडा बाळापूरहून. फक्त पोर्शच्या जागी पल्सर होती. माझ्या मावसभावाच्या घरी हळदीचे पैसे आले आणि त्याने फोन लावला, "दादा, टू-ट्वेंटीच घ्यायची. जुनी घेऊ का नवी?" त्याला तीन सेकंडहँड गाड्या दिसल्या होत्या : एक २०१२ ची, एक २०१९ ची, एक २०२१ ची. तिन्ही पल्सर २२०, तिन्ही लांबून पाहिल्या तर सारख्याच. भाऊ नांदेडला नोकरीला आहे. बाळापूर ते नांदेड जाऊन-येऊन रोज शंभरेक किलोमीटर. म्हणजे हा नुसता हौसेचा प्रश्न नव्हता.

त्याला उत्तर द्यायचं म्हणून मी पल्सरचा इतिहास उकरायला बसलो आणि दोन शनिवार-रविवार त्यातच गेले. तोच इथे मांडतो.

स्कूटरवाल्यांची मोटरसायकल

पल्सरच्या आधी बजाज म्हणजे स्कूटर. १९७२ मध्ये चेतक आली आणि पुढे दोन-अडीच दशकं मध्यमवर्गीय घरासमोर तीच उभी राहिली. १९८० च्या दशकात कावासाकीशी हातमिळवणी करून कंपनीने मोटरसायकली काढल्या खऱ्या, पण नव्वदीत गिऱ्हाईक स्कूटर सोडून मोटरसायकलकडे वळलं तेव्हा फायदा झाला तो हिरो होंडाचा. १९९४ च्या स्प्लेंडरने मायलेजवाल्यांना धरलं. १९९९ च्या सीबीझेडने दाखवून दिलं की 'कितना देती है' न विचारणारंही तरुण गिऱ्हाईक या देशात आहे.

नोव्हेंबर २००१ मध्ये बजाजने उत्तर दिलं : पल्सर १५० आणि पल्सर १८०. रूप ठरवण्यात टोकियो आर अँड डी ही जपानी कंपनी आणि ग्लिन केर हा ब्रिटिश डिझायनर यांचा हात होता. गाडी पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात तयार होत होती. जाहिरातीची ओळ होती 'डेफिनेटली मेल'. आज ती ओळ कानाला खटकते, पण त्या वेळी कॉलेजच्या पार्किंगमध्ये तिचा काय परिणाम झाला हे आमच्या पिढीला सांगायला नको.

त्यानंतर पिढ्या भराभर बदलल्या. २००३ मध्ये डीटीएस-आय आलं, म्हणजे एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. एकाच बाजूने ठिणगी पडली की ज्वाळेला दुसऱ्या टोकापर्यंत पोचायला वेळ लागतो. दोन बाजूंनी पेटवलं की मिश्रण लवकर आणि नीट जळतं. ताकद वाढली, मायलेजही सुधारलं. २००५ मध्ये १७ इंची अलॉय चाकं आली. २००६ च्या शेवटी डिजिटल मीटर आणि मागे एलईडी दिवा. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक आवृत्ती आधीच्यापेक्षा सरळसरळ बरी होती. तोपर्यंत 'नवी की जुनी' याचं उत्तर सोपं होतं : पैसे असतील तर नवी.

२००९ चा रोलबॅक

गंमत सुरू होते २००७ मध्ये. त्या वर्षी पल्सर २२० डीटीएस-एफआय आली : पुढे अर्धं आवरण, प्रोजेक्टर दिवा, मागेही डिस्क ब्रेक, ट्यूबलेस टायर आणि मुख्य म्हणजे फ्युएल इंजेक्शन.

हे इंजेक्शन प्रकरण दोन वाक्यांत. कार्ब्युरेटर हे यांत्रिक भांडं आहे. इंजिन हवा ओढतं, त्या हवेच्या ओढीने बारीक जेटमधून पेट्रोल खेचलं जातं, आणि मिश्रण कमी-जास्त करायचं तर स्क्रू पिळायचा. इंजेक्शनमध्ये सेन्सर हवा, तापमान, थ्रॉटल मोजतात, एक छोटा संगणक हिशेब करतो आणि पंपाच्या दाबाने तेवढंच पेट्रोल आत फवारलं जातं. भारतात मोटरसायकलवर हे तंत्र २००६ मध्ये हिरो होंडा ग्लॅमरवर आलं होतं. म्हणजे २२० एफआय खरोखर काळाच्या पुढे होती.

आणि २००९ मध्ये कंपनीने काय करावं? इंजेक्शन काढलं आणि कार्ब्युरेटर परत बसवला! नवी २२० डीटीएस-आय आधीच्या एफआयपेक्षा स्वस्त झाली आणि ताकदही २० पीएसवरून २१ पीएसवर गेली. जाहिरात होती 'द फास्टेस्ट इंडियन'. तंत्रज्ञानाने मागची पिढी, कॅलेंडरने पुढची. आमच्याकडे याला रोलबॅक म्हणतात आणि तो सहसा रात्री दोन वाजता, कोणाला न सांगता करतात. यांनी त्याची जाहिरात केली, आणि गाडी तुफान खपली.

पाणी विरुद्ध हवा

२०१२ मध्ये पल्सर २००एनएस आली आणि इथे पोर्शची गोष्ट आपल्याकडे पुन्हा घडली. २२० चं इंजिन हवा आणि तेलावर थंड होणारं, दोन व्हॉल्व्हचं. एनएसचं लिक्विड-कूल्ड, चार व्हॉल्व्हचं, तीन स्पार्क प्लगचं. इंजिन २० सीसीने लहान, तरी ताकद २३.५ पीएस. चेसिसही नवी, जास्त ताठ.

९९६ मध्ये पोर्शने पाणी आणलं त्यामागचं कारणही याच जातीचं होतं. चार व्हॉल्व्ह बसवले की इंजिनाचं डोकं जास्त तापतं. नुसत्या पंख्यांवरून वाहणाऱ्या हवेने ती उष्णता सगळीकडून सारखी निघत नाही, आणि तापमान काबूत नसलं की धुराचे नियम पाळणं अवघड होतं. शिवाय नव्वदीच्या सुरुवातीला पोर्शची आर्थिक अवस्था बिकट होती. म्हणून ९९६ चा पुढचा बराचसा भाग स्वस्तातल्या बॉक्स्टरसारखाच ठेवला. दिवेसुद्धा तेच. जुने भक्त चिडले ते पाण्यापेक्षा त्या दिव्यांवर जास्त.

कागदावर एनएसने २२० ला निवृत्त करायला हवं होतं. झालं उलटं. २०१५ मध्ये एनएसच बाजारातून गेली आणि तिच्या जागी एएस २०० आली. दोन वर्षांत एएस गेली आणि २०१७ मध्ये एनएस परत आली. या सगळ्या धावपळीत म्हातारी २२० आपली शांतपणे विकली जात होती.

ऑक्टोबर २०२१ मध्ये एफ२५० आली : २४९ सीसी, २४.५ पीएस, मागे मोनोशॉक, किंमत दिल्लीत एक्स-शोरूम १.४० लाख. २०२२ मध्ये २२०एफ बंद झाली. वारस आला, म्हातारीला निरोप दिला, कथा संपली. पण नाही! फेब्रुवारी २०२३ मध्ये २२०एफ परत, साधारण त्याच १.४० लाखाला. तेवढ्याच पैशांत जुनंच रूप मागणारी माणसं पुरेशी होती.

पोर्शनेही हे आधीच अनुभवलं होतं. १९७७ मध्ये त्यांनी ९२८ आणली ती ९११ ची जागा घेण्यासाठी. पुढे इंजिन, पाण्यावर थंड होणारं, सगळं शास्त्रशुद्ध. १९९५ मध्ये ९२८ बंद झाली. ९११ आजही विकतात.

नवी पिढी कोणासाठी?

इथवर आल्यावर मला वाटायला लागलं की आपण प्रश्नच चुकीचा विचारतो. पिढी 'नवी' आहे म्हणजे नेमकं काय बदललं, आणि ते कोणाला हवं होतं, हे बघायला पाहिजे. माझ्या हिशेबाने बदल तीन ठिकाणांहून येतात.

पहिला चालवणाऱ्यासाठी. २००३ चे दोन प्लग, २०१२ ची चेसिस. दुसरा कंपनीच्या वहीखात्यासाठी. २००९ चा कार्ब्युरेटर, ९९६ चे दिवे. यात चालवणाऱ्याचं भलं होऊ शकतं किंवा नुकसानही. २२० च्या बाबतीत झालं भलंच. तिसरा सरकारी नियमासाठी. एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि सतत जळणारा हेडलाइट. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस. एप्रिल २०२० पासून बीएस-६, आणि त्यामुळे २२० वर इंजेक्शन परत आलं. २००७ मध्ये हौसेने आणलेलं, २००९ मध्ये काढलेलं तंत्र अकरा वर्षांनी कायद्याच्या दाराने आत शिरलं. त्यात ताकद थोडी घटून २०.४ पीएस झाली.

पहिले दोन बदल उलटवता येतात, कंपनीने ते उलटवलेही. तिसरा उलटत नाही. उलट त्यापाठोपाठ आजूबाजूचं जगही सरकतं. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल ओलावा धरतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीत पाणी, जेटमध्ये कचरा आणि जुन्या रबरी भागांना त्रास. ई-२० साठी लागणारं साहित्य वापरून गाड्या बनू लागल्या त्या २०२३ पासून. म्हणजे जुनी गाडी तीच राहते, पण तिच्या भोवतीचं जग दर वर्षी तिच्यापासून थोडं लांब जातं. जुनं सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांना हे दुखणं चांगलंच ठाऊक असेल.

बाळापूरचा निकाल

पुण्यात बसून मी 'नवीच घे' म्हणणं सोपं होतं. पण बाळापुरातल्या तरुणाच्या अडचणी वेगळ्या. गावातल्या गॅरेजवाल्या चाचांना कार्ब्युरेटर झोपेतही खोलता येतो. इंजेक्शनची गाडी रुसली तर स्कॅनर लागतो, आणि तो गावात नसेल तर गाडी टेम्पोत घालून नांदेडला. एक दिवसाचा खाडा, टेम्पोचं भाडं वेगळं.

तरीही २०१२ ची गाडी मी पहिल्या फेरीतच बाद केली. २०२७ मध्ये तिची पंधरा वर्षं भरतात, म्हणजे पुनर्नोंदणी, तपासणी, पर्यावरण कर. नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का तेही बघावं लागणार. पण ही सगळी किरकोळ कारणं. खरं कारण ब्रेक. वारंगा फाट्यापासून नांदेडपर्यंतच्या रस्त्यावर रात्री मागचा दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात. पावसाळ्यात शेतातून आलेली काळी माती डांबरावर पसरते आणि तिच्यावर पाणी पडलं की साबण. अशा जागी माणूस घाबरून पुढचा ब्रेक आवळतो, चाक जाम होतं आणि गाडी हातातून जाते. एबीएस चाक जाम व्हायला लागलं की ओळखतो आणि ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा सोडतो-धरतो. २०१९ आणि २०२१ च्या २२० वर तो फक्त पुढच्या चाकाला आहे, पण जीव बहुतेक वेळा पुढच्याच चाकावर असतो. पहाटे जाऊन रात्री परतणाऱ्या माणसासाठी एवढी एक गोष्ट बाकी सगळ्या यादीपेक्षा जड आहे. जुन्या गाडीचा आवाज कितीही गोड असो.

उरल्या दोन. आणि इथे एक मजेशीर फट सापडली. एबीएस आला २०१९ मध्ये, इंजेक्शन सक्तीने आलं २०२० मध्ये. म्हणजे मधल्या साधारण वर्षभराच्या २२० मध्ये एबीएसही आहे आणि कार्ब्युरेटरही! सुरक्षा नव्या पिढीची, दुरुस्ती जुन्या पिढीची. मॉडेल वर्ष नीट तपासून घ्यायचं, पुढच्या चाकाला सेन्सरची दातेरी रिंग आहे ना ते डोळ्यांनी बघायचं. गॅरेज जवळ नसलेल्या माणसाला मी हीच सांगेन.

भावाला मात्र एवढंच सांगितलं की, या दोन्हींपैकी कुठलीही घे, आधी चाचांना जाऊन विचार. तो गेला. तिथे चाचांच्या मुलाने मोबाइलला जोडायचा स्कॅनर टेबलावर ठेवला आणि बीएस-६ गाड्यांचे कोड वाचून दाखवले. गॅरेजचीही पिढी बदलली होती. भावाने २०२१ ची घेतली.

पोर्शवाल्यांच्या भांडणात आता एक नवी भर पडली आहे. इतकी वर्षं हिणवलेल्या ९९६ च्याही किमती वर सरकायला लागल्या आहेत. तिच्यानंतरच्या गाड्यांत संगणक इतके वाढले की लोकांना आता ९९६ च साधी, जुन्या वळणाची वाटू लागली. पल्सरचंही तेच होईल. चेतक हे नाव २०२० मध्ये बॅटरीवर परत आलंच आहे. उद्या बॅटरीवरची पल्सर आली की आज 'संगणकवाली' म्हणून नाकं मुरडली जाणारी बीएस-६ गाडी खरी पल्सर ठरेल, आणि तिचा पेट्रोलचा वास घ्यायला कोणीतरी चार पैसे जास्त मोजेल. तोपर्यंत पुढच्या चाकाकडे बघा आणि सर्व्हिसचं बिल मागा. रंगाबद्दल मी काही बोलत नाही, तिथे कोणी कोणाचं ऐकत नाही.