विकत घेतलेला खेळ नेमका कोणाचा?

संगणकावरील खेळ विकत घेणे म्हणजे एकेकाळी एक वस्तू घरी आणणे असे. प्लॅस्टिकच्या डबीत एक-दोन सीडी, छापील परवाना क्रमांक आणि एक छोटी पुस्तिका. आज हाच व्यवहार इंटरनेटवर काही मिनिटांत पुरा होतो. मात्र ग्राहकाच्या हाती वस्तू येत नाही, येते ती केवळ वापराची परवानगी. या उद्योगातील आजच्या बहुतेक वादग्रस्त प्रथांचे मूळ या एका बदलात आहे. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे २०२३ पूर्वीच्या औरंगाबादेत, दोन दशके पीसीवर खेळणाऱ्या एका खेळाडूच्या नजरेतून या प्रथांचा घेतलेला हा आढावा.

सायबर कॅफेचे दिवस

२००० नंतरच्या दशकात औरंगपुरा, निराला बाजार, सिडकोतील कॅनॉट या भागांत सायबर कॅफे होते. तेथील संगणक एकमेकांना तारेने जोडून 'काउंटर-स्ट्राइक' आणि 'एज ऑफ एम्पायर्स २' यांचे सामने रंगत. घरोघरी 'प्रोजेक्ट आयजीआय', 'व्हाइस सिटी' आणि 'मोस्ट वॉन्टेड' खेळले जात. 'डिजिट' मासिकासोबत मिळणाऱ्या सीडीवर नव्या खेळांचे नमुने येत. बीएसएनएलची 'डेटावन' ब्रॉडबँड सेवा जानेवारी २००५ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी एखादा संपूर्ण खेळ इंटरनेटवरून उतरवून घेण्याची कल्पनाही करवत नसे.

यातील बऱ्याच प्रती नकली होत्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. अस्सल प्रतीची किंमत मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेरची होती आणि ती शहरात सहज मिळतही नसे. चोरीचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु उद्योगाने तिच्यावर शोधलेला उपाय अनेकदा प्रामाणिक ग्राहकालाच जाचला, हेही तितकेच खरे.

कुलूप कोणासाठी?

'व्हॉल्व्ह' कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये 'स्टीम' सुरू केले. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या 'हाफ-लाइफ २'ची सीडी दुकानातून घेतली, तरी ती स्टीमवर नोंदवल्याशिवाय चालत नसे. खेळ आणि ग्राहक यांच्यामध्ये कंपनीचा सर्व्हर येऊन बसला तो येथपासून.

पुढे ही कुलपे अधिक कडक झाली. २००८ मधील 'स्पोअर' हा खेळ प्रारंभी केवळ तीन वेळा संगणकावर सक्रिय करता येत असे. ग्राहकांच्या रोषानंतर ही मर्यादा पाचवर नेण्यात आली. मार्च २०१० मध्ये पीसीवर आलेल्या 'असॅसिन्स क्रीड २'ला तर, कथा एकट्याने खेळायची असूनही, अखंड इंटरनेट जोडणी लागे. कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला, तेव्हा पैसे भरलेल्या ग्राहकांचाच खेळ अडला.

त्या वर्षांत मराठवाड्यात भारनियमन हा रोजचा अनुभव होता. घरातल्या इन्व्हर्टरवर संगणक चालूही राहील, पण वाटेतल्या कुठल्याशा केंद्रावरची वीज गेली की ब्रॉडबँड बंद पडे. अशा शहरात 'अखंड जोडणी'ची अट म्हणजे विकत घेतलेला खेळ खेळू न देण्याचीच अट. कुलूप तोडलेली प्रत वापरणाऱ्याला हा त्रास नव्हता. तो भोगला बिल देऊन खरेदी करणाऱ्याने.

याला अपवादही आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'जीओजी' या दुकानाने कुलूप नसलेले खेळ विकण्याचे धोरण ठेवले. २०१५ मधील गाजलेला 'द विचर ३' तेथे पहिल्या दिवसापासून कुलपाविना विकला गेला आणि तरीही त्याला प्रचंड यश मिळाले. स्टीमचेही श्रेय मान्य करायला हवे. नोव्हेंबर २०१५ पासून तेथे रुपयांत किमती दिसू लागल्या. त्याच वर्षी जूनमध्ये परताव्याचा नियम आला : खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळले असल्यास पैसे परत मागता येतात. परवडणारी किंमत आणि सुलभ सेवा मिळाली, तर अस्सल खेळ घेणारा ग्राहक आपल्याकडेही आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सर्व्हर बंद, खेळ बंद

डिसेंबर २०१४ मध्ये आलेला 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा खेळ एकट्याने खेळतानाही सर्व्हरवर अवलंबून होता. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले आणि पूर्ण किंमत मोजलेल्यांच्या हाती काहीही उरले नाही. याविरोधात रॉस स्कॉट यांनी २०२४ मध्ये 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. युरोपीय संघातील तिच्या याचिकेने जुलै २०२५ पर्यंत दहा लाख स्वाक्षऱ्यांचा टप्पा ओलांडला. सर्व्हर कायम चालू ठेवा, अशी तिची मागणी नाही. सेवा थांबवताना खेळ खेळण्याजोगा राहील अशी तजवीज करा, एवढेच तिचे म्हणणे आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यानुसार, १ जानेवारी २०२५ पासून, केवळ परवाना विकणाऱ्याने तसे ग्राहकाला स्पष्ट सांगणे बंधनकारक झाले. स्टीमने त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, खरेदीच्या वेळी तशी सूचना दाखवण्यास प्रारंभ केला. याउलट १९९९ मधील 'एज ऑफ एम्पायर्स २'ची सीडी ज्याने जपली आहे, तो त्या काळच्या दोन संगणकांना तारेने जोडून आजही सामना खेळू शकतो. त्यासाठी कोणाच्या सर्व्हरची परवानगी लागत नाही.

घोड्याच्या चिलखतापासून नशिबाच्या पेटीपर्यंत

एप्रिल २००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन' या खेळात घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला विकायला ठेवले गेले, तेव्हा खेळाडूंनी त्याची थट्टा केली. पुढे हीच किरकोळ विक्री उद्योगाच्या उत्पन्नाचा मोठा आधार बनली. तिचे सर्वांत आक्षेपार्ह रूप म्हणजे 'लूट बॉक्स'. पैसे आधी द्यायचे. आत काय निघेल ते नशिबावर. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २'वरून यासंबंधी मोठा गदारोळ झाला आणि एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या नियामकांनी काही खेळांतील अशा पेट्या जुगाराच्या कायद्यात मोडतात, असा निष्कर्ष काढला.

मोफत खेळात केवळ सजावटीच्या वस्तू ठरावीक किमतीला विकणे प्रस्तुत लेखकाला गैर वाटत नाही. खेळ चालवणाऱ्यालाही खर्च असतोच. परंतु पूर्ण किंमत घेऊन वर सोडत काढणे ही लूट आहे. रुपयांऐवजी खेळातली नाणी वापरायला लावणे, ही त्यातली आणखी एक युक्ती. नाण्यांचा गठ्ठा एकदा घेतला की प्रत्येक वस्तूचा खरा भाव डोळ्यांआड होतो आणि त्याचा सर्वाधिक फटका बसतो तो शाळकरी मुलांना.

भारतात २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. ई-स्पोर्ट्सना त्याने वेगळे स्थान दिले. या पेट्यांचा प्रश्न मात्र निराळा असून त्याकडे स्वतंत्रपणे पाहण्याची गरज आहे.

अपुरा खेळ, पुरी किंमत

इंटरनेटमुळे चुका मागाहून दुरुस्त करता येतात, ही सोय झाली; आणि त्याच सोयीने खेळ अर्धवट बाजारात आणण्याची सवय लावली. डिसेंबर २०२० मध्ये आलेला 'सायबरपंक २०७७' इतका सदोष होता की सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला व पैसे परत दिले. तो पुन्हा विक्रीस आला जून २०२१ मध्ये. पुढील सुधारणांनी खेळ उत्तम झाला हे खरे. पण पहिल्या दिवशी खरेदी करणाऱ्याने मोजलेली किंमत अपुऱ्या मालाची होती. डिजिटल प्रतींचा साठा कधी संपत नाही. मग आगाऊ नोंदणीत ग्राहकाचा लाभ तो कोणता?

ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्णावस्थेत आलेल्या 'बाल्डर्स गेट ३'ने खेळात किरकोळ विक्री न ठेवताही अमाप यश मिळवले. त्यालाही १५० जीबी जागा लागते, ही गोष्ट निराळी.

या चर्चेत छोट्या निर्मात्यांना विसरून चालणार नाही. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने भारतीय पुराणकथांवर आधारलेला 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' २०२० मध्ये आणला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा त्यांचा प्रयत्न अयशस्वी ठरला होता; तरीही त्यांनी तो खेळ पूर्णत्वास नेला. अशा चमूला प्रत्येक अस्सल प्रतीचा आधार असतो. ग्राहकाने हक्क मागावेत, तसे मोलही द्यावे.

खरेदीपूर्वी हे तपासा

• एकट्याने खेळताना इंटरनेट लागते काय? विक्रीच्या पानावर तशी अट लिहिलेली असते.
• खेळात वेगळी खरेदी आहे काय, आणि ती ठरावीक वस्तूंची आहे की नशिबाच्या पेट्यांची?
• डिस्कवर किती जागा लागेल आणि आपल्या इंटरनेट योजनेची मासिक मर्यादा किती?
• परताव्याची मुदत किती? त्या अवधीत आपल्या संगणकावर खेळ चालवून पाहावा.
• आगाऊ नोंदणी टाळावी. आठवडाभर थांबून इतरांचे अनुभव वाचावेत.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील ई-वाणिज्याच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांचा समावेश आहे. २०२० चे ई-वाणिज्य नियम भारतातील ग्राहकांना नियमितपणे माल वा सेवा पुरवणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत. तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. खोटी घाई निर्माण करणे, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणे अशा फसव्या युक्त्यांना २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे.

मात्र मूळ प्रश्न त्याने सुटत नाही. औषधाच्या वेष्टनावर मुदत छापावी लागते. मग खेळाच्या विक्रीपानावर 'इंटरनेटविना चालेल की नाही' आणि 'सर्व्हर किमान अमुक तारखेपर्यंत राहील' या दोन ओळी सक्तीच्या करण्यास काय हरकत आहे? एवढी माहिती मिळाली, तर परवानगीसाठी किती पैसे मोजायचे, हे ग्राहक स्वतःच ठरवील.