गुडघ्याचा अस्थिबंध हाडासह उखडल्यास

मांडी व नडगीची हाडे गुडघ्यात अस्थिबंधांनी (लिगामेंट) जखडलेली असतात. दुचाकीच्या अपघातात नडगीवर समोरून आघात झाल्यास मागचा अस्थिबंध कधी स्वतः न तुटता हाडाचा तुकडा घेऊन उखडतो. मुलांमध्ये बहुधा पुढच्या अस्थिबंधाबाबत असे घडते. यास 'ॲव्हल्शन' म्हणतात.

काही तासांतच गुडघा सुजतो, पाय टेकवत नाही. चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावातील रुग्णाने मुरगळ समजून गुडघा चोळू नये. पाय फळीला बांधून एक्स-रे काढून घ्यावा.

तुकडा जागेवर असल्यास प्लॅस्टर पुरते. सरकला असल्यास सुमारे १ सेंटिमीटरच्या दोन-तीन छिद्रांतून दुर्बीण व उपकरणे घालून तो मूळ जागी बसवितात. मग स्क्रूने किंवा नडगीच्या हाडातून ओवलेल्या मजबूत धाग्यांनी तो घट्ट करतात. सांधा उघडावा लागत नसल्याने वेदना कमी होतात. हाड साधारण ६ ते ८ आठवड्यांत जुळते. व्यायाम मात्र पुढेही आवश्यक असतो.

ही शस्त्रक्रिया पहिल्या २-३ आठवड्यांत होणे हिताचे. विलंबाने तुकडा चुकीच्या जागी जुळतो, गुडघा ढिला राहतो आणि स्वतःचा अस्थिबंध वाचविण्याची संधी हुकू शकते.